वीरगळांची वही

वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड, वाचायचा तो खालून वर. तळच्या थरात वीर झुंजत असतो, नाहीतर पडलेला असतो. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या, आणि त्याहून वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर कलश, बाजूंना चंद्र-सूर्य. आमच्या भागात असे दगड देवळांच्या आवारात, विहिरींच्या काठी, शेताच्या बांधावर आहेत. काही उभे, काही आडवे. बहुतेक वीरांची नावं आता कुणालाच ठाऊक नाहीत. निदान त्यांच्या दगडांची नोंद राहावी म्हणून मी एक छोटा डेटाबेस आखायला घेतला. आखता आखता माझी दगड पाहण्याची रीतच बदलली.

पहिला मोह एक्सेलच्या तक्त्याचा होतो. दगडामागे एक ओळ: गाव, उंची, थर, फोटो. पण थर कुठे तीन, कुठे चार, कुठे त्याहून जास्त. फोटोंना तर गणतीच नाही. मग ‘थर १’, ‘थर २’, ‘फोटो १’, ‘फोटो २’ असे रकाने उजवीकडे पसरत जातात आणि निम्मे रिकामे राहतात. तक्ता आडवा वाढू लागला की आखणी चुकली असं खुशाल समजावं. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवायची आणि सामाईक क्रमांकाने जोडायची. दगडांचा तक्ता वेगळा, थरांचा वेगळा, फोटोंचा वेगळा. पाच थरांचा वीरगळ सापडला तर थरांच्या तक्त्यात पाच ओळी वाढतात, रकाना एकही वाढत नाही.

दगडाचा क्रमांक मी अगदी साधा ठेवला आहे: १, २, ३. त्यात गावाची, तालुक्याची आद्याक्षरं गुंफायला हात शिवशिवतात, पण नावं बदलतात. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. आणि दगड तरी कुठे एका जागी राहतात? रस्ता रुंद झाला की वीरगळ देवळामागे जातो, देवळाचा जीर्णोद्धार झाला की तिथूनही हलतो. म्हणून जागा मी दगडाच्या तक्त्यात लिहितच नाही. त्यासाठी ‘भेट’ नावाचा तक्ता आहे: तारीख, अक्षांश-रेखांश, त्या दिवशी दगड कसा दिसला. शेंदूर लागला, ऑइलपेंट फासला गेला, ओट्याच्या सिमेंटमध्ये खालचा थर बुडाला, हे सगळं तारखेनिशी तिथे येतं. गावकरी त्या दगडाला कोणता देव मानतात, कुणाची गोष्ट सांगतात, तेही तिथेच.

खालचा थर जमिनीत गाडलेला असेल तर ‘लढाईचा प्रसंग नाही’ असं लिहिता येत नाही. पाहिलं आणि आढळलं नाही, हे एक. पाहताच आलं नाही, हे दुसरं. डेटाबेसमध्ये ‘नाही’ वेगळं आणि ‘नल’ म्हणजे अजून न कळलेलं वेगळं. मला ही सोय फार मोलाची वाटते. ‘नल’ दिसला की पुन्हा त्या गावाला जायचं असतं.

सगळ्यात जास्त विचार मात्र मी ‘वाचन’ या तक्त्याचा केला. बोरिवलीत एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. जहाजं आहेत, ही नोंद. ती लढाई शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांची, हा अभ्यासकांनी लावलेला अर्थ. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की पुढच्या माणसाला दगड दिसेनासा होतो, फक्त मत दिसतं. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेखही असाच. त्याचा काळ काहींनी शके ९३४ वाचला, काहींनी ११३२. म्हणजे १०१२ की १२१०, जवळजवळ दोनशे वर्षांचं अंतर! माझ्या वहीत अशा दगडाची ओळ एकच राहते, वाचनं दोन होतात. प्रत्येकापाशी वाचणाऱ्याचं नाव आणि आधार. उद्या तिसरं वाचन आलं तर तिसरी ओळ. जुनं पुसायचं नाही. लेखातला शक जसाच्या तसा लिहायचा आणि इसवी सन वेगळ्या रकान्यात मांडायचा, कारण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. महिन्याप्रमाणे ७८ मिळवायचे की ७९, हे ठरतं.

हे सारं एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालीच्या एकाच फाइलीत मावतं. सर्व्हर लागत नाही, फाइल पेनड्राइव्हवर उचलून नेता येते. देवनागरीत शोध घेताना मात्र जपावं लागतं. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. त्यामुळे नोंद करतानाच अक्षरं एका तऱ्हेची करून घेतो.

सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रियांचे स्मृतिदगड) आणि गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेले दगड) अजून वहीत यायचे आहेत. त्यांच्यासाठी दगडांच्या तक्त्यात ‘प्रकार’ हा रकाना आहेच, बाकी रचनेला हात लावावा लागणार नाही.

तुमच्या गावी असा दगड असेल तर त्याचा फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा, उंची-रुंदी मोजा, शेजारच्या आजींना विचारा. शेंदूर खरवडू नका, दगड हलवू नका. एवढं आज करा. अर्थ लावायला पुढे कुणीतरी येईल, त्याच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवा.