सैल लाटा आणि विजेचा ब्रश

इंदूरच्या मराठी घरांत केसांची निगा म्हणजे शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा, आठवड्याचे तेल आणि मग घट्ट वेणी किंवा अंबाडा. विजेचा त्यात कोठे संबंध नसे. आता लग्नसमारंभांत तरुण मुलीच नव्हे, तर वरमायाही केसांना सैल लाटा देऊन वावरताना दिसतात. यात नाक मुरडण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. ओल्या केसांच्या वेण्या घालून निजावे व सकाळी त्या सोडाव्यात, ही युक्ती आमच्या आईच्या पिढीलाही ठाऊक होतीच.

तरीही असा ब्रश निवडण्याचे काम आमच्याकडे आले ते वहिनींमुळे. कर्करोगावरील औषधांनी गेल्या वर्षी त्यांचे कमरेखाली पोहोचणारे केस गेले. पुन्हा आले ते मऊ, विरळ आणि जेमतेम खांद्यापर्यंत. अंबाडा बसत नाही. गंगावन त्यांना नको. येत्या मार्गशीर्षात मुलीचे लग्न. "वन्सं, मांडवात कोणी माझ्या डोक्याकडे पाहून हळहळू नये, एवढंच बघा," असे त्या म्हणाल्या. लाटांमुळे विरळ केस भरीव दिसतात हे खरे. पण उष्णतेने लवकर तुटतात तेही असेच केस. डॉक्टरांची संमती घेतली आणि आम्ही महाराणी रोड गाठला.

तेथे पहिला गोंधळ नावाचा. गरम ब्रश मागितला की तीन निरनिराळ्या वस्तू समोर येतात. चपटा, कंगव्यासारखा असतो तो केस सरळ करण्यासाठी. लाटांच्या दृष्टीने निरुपयोगी. दुसरा गरम वारा सोडतो आणि दमट केस वाळवता वाळवता त्यांना वळण देतो. तिसरा म्हणजे तापणारी गोल नळी व तिच्याभोवती दाते. तो पूर्ण वाळलेल्या केसांसाठीच. आम्हांस हवा होता तो हा तिसरा. ओल्या केसांवर तापलेली नळी धरली, तर केसातील पाण्याची आतल्या आत वाफ होते, बुडबुडे धरतात आणि केस तेथेच मोडतो.

दुकानदाराने मोठ्या अभिमानाने सांगितले, "मॅडम, दो सौ बीस डिग्री तक जाता है!" आम्ही विचारले, कमीत कमी किती? या प्रश्नाची त्यास सवय नसावी. वास्तविक निवड येथेच होते. दाट, राठ केसांना १८० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. मऊ केसांना १२० ते १५० पुरे. ज्या ब्रशावर अंश दाखवण्याची सोय नाही, नुसता एक दिवा लागतो, तो आम्ही हातातही घेतला नाही.

पॅरिसच्या मार्सेल ग्रातो यांनी १८७२ च्या सुमारास तापवलेल्या चिमट्याने लाटा पाडण्याची रीत काढली, तेव्हा चिमटा आधी कागदावर टेकवून पाहत. कागद करपला तर थांबत. पुढे १९०५-०६ च्या सुमारास लंडनमध्ये कार्ल नेसलर यांनी कायमच्या कुरळ्या केसांचे यंत्र सिद्ध केले. पहिल्या प्रयोगांत त्यांच्या पत्नीचेच केस जळाले, असे सांगतात. बिचारी!

खरे पाहता लाट तापण्याने टिकत नाही, निवण्याने टिकते. केसातील केराटिन या प्रथिनाचे हायड्रोजनचे दुबळे बंध उष्णतेने सुटतात आणि केस थंड होताना, तो ज्या आकारात असेल त्या आकारात, पुन्हा जुळतात. वेणीत तेच पाण्याने व रात्रभराच्या सावकाशीने घडते. म्हणून ब्रश काढल्यावर बट लगेच विंचरू नये. गुंडाळी तळहातावर निवू द्यावी. दमट हवेत हेच बंध सुटतात व लाट पडते. मार्गशीर्षाच्या कोरड्या थंडीत ती भीती कमी.

नळी जितकी जाड, तितकी लाट सैल. २५ मिलिमीटरची नळी कुरळे करते, ३८ च्या नळीवर खांद्यापर्यंतचे केस पुरेसे वळसे घेत नाहीत. आम्ही ३२ घेतली. दात्यांची टोके न तापणारी, आपोआप बंद होण्याची सोय, मुळाशी फिरणारी वायर, हेही पाहिले. अमेरिकेतून भाचीने ब्रश पाठवू का म्हणून विचारले होते. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. वस्तूवर १००–२४० असे छापलेले नसेल तर ती येथे जळते, म्हणून नको म्हटले.

घरी येऊन मानेमागची एकच बट, १२० अंशांवर, आठ सेकंद धरली. वहिनींनी आरशात मान वळवून पाहिले, बोटांनी बट हलकेच उलगडली आणि म्हणाल्या, "अजून थोडी सैल चालेल." मात्र त्या दिवशी केसांना तेलाचे बोटही लावायचे नाही, हे त्यांना अद्याप पटलेले नाही.