कप्तानपद गेल्यावर

रग्बी म्हणजे हाडं मोडायचा खेळ, एवढंच मला ठाऊक होतं. मग ब्रायन ओड्रिस्कॉल कळला. डब्लिनच्या या पठ्ठ्यानं ८३ सामन्यांत आयर्लंडचं नेतृत्व केलं. २००९ मध्ये त्याच्या संघानं सिक्स नेशन्सचे पाचही सामने जिंकले. असा ग्रँड स्लॅम आयर्लंडला ६१ वर्षांनी मिळाला! २०१३ मध्ये मात्र कप्तानपद जेमी हीस्लिपकडे गेलं. आपल्याकडे साधं जीएसपद गेलं तरी माणूस गॅदरिंगकडे फिरकत नाही. हा खेळतच राहिला. मार्च २०१४ मध्ये पॅरिसला फ्रान्सला २२-२० हरवून आयर्लंडनं पुन्हा सिक्स नेशन्स जिंकली. तो त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. कप्तान होता पॉल ओकॉनेल. पस्तिशीचा ओड्रिस्कॉल तेरा नंबरची जर्सी घालून नुसता खेळला, जिंकला आणि थांबला. दोस्तहो, पदापेक्षा खेळ मोठा तो असा!