आधी प्रश्न, मग पुस्तक

मराठीच्या पुस्तकात लेखिकेची ओळख एका चौकटीत असते: जन्म, पुस्तकं, पुरस्कार. मुलं ती पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. म्हणून बोईसरच्या शाळेत नववीला शिकवताना ती चौकट मी शेवटी ठेवते. आधी सांगते ते एवढंच, की ती लिहायला बसली तेव्हा तिच्या भोवती काय चाललं होतं.

ताराबाई शिंदे शिकवायच्या तर सुरतेपासून सुरुवात करावी लागते. सुरत आमच्या मुलांना परकी नाही. त्या बाजूच्या गाड्या रोज समोरून जातात. १८८१ मध्ये तिकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला चालला. तिला दिवस गेले, मूल झालं आणि लोकलाजेपायी तिने ते मारलं. कोर्टाने फाशी सुनावली, पुढे ती सौम्य झाली. वर्तमानपत्रांनी मात्र या निमित्ताने समस्त बायकांच्या वागण्यावर तोंडसुख घेतलं. नववीच्या वर्गात हे सांगताना जीभ जरा अडखळते. पण आडपडदा ठेवला की मुलं खिदळतात. सरळ सांगितलं की ऐकतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, "मॅडम, त्या माणसाला काय शिक्षा झाली?"

आता पुस्तक उघडायचं. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली ती हाच जाब विचारायला. मुलांना तो सूर लगेच ओळखू येतो: थेट पुरुषांना उद्देशून, टोमण्यांवर टोमणे, नळावर हक्काने भांडणाऱ्या बाईसारखा. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, तरी पुस्तक विस्मरणात गेलं; स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापलं. पुस्तक हरवतं कसं, यावर अख्खा तास जातो, आणि तो वाया जात नाही.

मुक्ता साळवेला फार प्रस्तावना लागत नाही. फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपल्याएवढ्या मुलीने निबंधात देवाधर्मालाच प्रश्न विचारले, हे कळल्यावर ‘माझा आवडता ऋतू’ लिहिणारे हात थबकतात.

गोदावरी परुळेकरांच्या बाबतीत मात्र वर्ग माझ्या पुढे असतो. त्या ज्यात होत्या तो १९४५ चा वारल्यांचा उठाव याच मुलखातला, तलासरी-डहाणूकडचा. त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मधली वेठ आणि लग्नाच्या कर्जापायी राबणारे लग्नगडी मी वाचून शिकले, वारली मुलांनी ते आजीकडून ऐकलेलं असतं. वारल्यांचं लग्न लावणारी धवलेरी गाते ते कोणत्या पुस्तकात आहे, असंही तीच विचारतात. पुस्तकात नसलं तरी ते साहित्य आहे, एवढं मी ठामपणे सांगते आणि फळ्यावर लेखिकांच्या नावांखाली ‘धवलेरी’ लिहिते.

तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांची मुलं हिंदी, ओडिया बोलत येतात. त्यांच्यासाठी महादेवी वर्मा आणि प्रतिभा राय यादीत हव्यातच. महादेवी आणि गोदावरी दोघी १९०७ च्या, हे जन्मवर्ष मात्र मी मुद्दाम सांगते: एकीने कविता लिहिली, दुसरी शेतमजुरांत राहिली, आणि दोघींच्या हाती लेखणी होती.

या पद्धतीत धोकाही आहे. प्रसंग इतका रंगतो की लेखन मागे पडतं. बाई सोसणारी म्हणून लक्षात राहते, लिहिणारी म्हणून नाही. म्हणून दर तासाला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचाच: इथे वाक्य का तोडलं, इथे चिडण्याऐवजी थट्टा का केली, हे विचारायचं.

घटक चाचणीत मी दोनच गोष्टी विचारते: ही लेखिका कोणाला उत्तर देत होती? आणि तिचं कुठलं म्हणणं तुम्हाला पटत नाही? दुसऱ्या प्रश्नाला पूर्वी कोऱ्या ओळी यायच्या. आता त्यासाठीच पुरवण्या मागितल्या जातात.