गाण्याविना टेक

जॉर्ज हॅरिसनचा पहिला सोलो अल्बम म्हणजे १९६८चा ‘वंडरवॉल म्युझिक’. त्यातला बराच भाग त्याने त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्ड केला. तिथेच बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीतही झालं, आवाज नंतर लंडनमध्ये चढवला. या गाण्याचा वेगळा, गायनाविना टेक अल्बमच्या २०१४च्या आवृत्तीत आहे. मला तो मूळ गाण्याहून आवडतो. कडव्यांत शब्दांखाली जाणारी हरिप्रसाद चौरसियांची बासरी इथे मोकळी ऐकू येते.

बाबांच्या लेखी इंग्रजी गाणी म्हणजे गोंगाट. तरी परवा अंधेरीच्या घरी हा टेक स्पीकरवर लावला.

“बासरी कुणाची रे?”

सांगितलं. शिवाय स्टुडिओ साउंडप्रूफ नव्हता, साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यातल्या पावलांच्या आवाजाने रेकॉर्डिंग थांबवावं लागे, ही हॅरिसनने सांगितलेली आठवणही.

बाबांनी तीस वर्षं फोर्टात नोकरी केली. निवृत्तीला चार महिने झालेत. संध्याकाळ झाली की घड्याळाकडे बघत गप्प बसतात.

ते चक्क हसले. “थांबवणार नाही तर काय! प्रत्येकाला चर्चगेटहून फास्ट पकडायची असते.”

मग म्हणाले, “पुन्हा लाव. पावलं येतात का बघू.”