देश किती, मुक्काम किती

ज्या गावच्या देवीचे लग्न केवळ मुहूर्त टळल्यामुळे राहून गेले, त्या गावच्या माणसांनी तरी प्रवासाचा बेत विचारपूर्वक करावा, असे मला नेहमी वाटत आले आहे. आमच्या अंबाजोगाईची ही कथा इकडे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला होता. देवी कोकणातून निघाली. वऱ्हाड मोठे होते, आणि मोठ्या वऱ्हाडाला जो उशीर व्हायचा तो झालाच. परळी अवघी पंचवीस किलोमीटर उरली असताना मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी इथेच कुमारिका म्हणून राहिली, असे सांगतात. कोकणातली कितीतरी कुटुंबे आजही आपल्या या कुलदेवतेच्या दर्शनाला एवढ्या लांब येतात. त्यांना पाहिले की मनात येते, लांबच्या पल्ल्यामुळे कुणाचे अडत नाही. अडते ते वऱ्हाड आणि वेळ यांचा मेळ न बसल्यामुळे.

हा विचार यंदा मला विशेष जवळचा वाटू लागला आहे, कारण आमच्या घरी सध्या युरोपला जाण्याचा बेत शिजतो आहे. मराठीच्या प्राध्यापकाने सहकुटुंब युरोपला जावे, यात आता पूर्वीइतके नवल राहिलेले नाही. आमच्या गल्लीतली दोन माणसे जाऊन आली आहेत, आणि त्यांच्या फ्रीजला आयफेल टॉवर चिकटलेला मी पाहिला आहे. परंतु आमच्या बेताला एक अट आहे. सहा वर्षे दरमहा बाजूला टाकलेली रक्कम यात एकदम जाणार, आणि पुन्हा तेवढी साठेपर्यंत आज चौऱ्याहत्तर वर्षांची असलेली माझी आई ऐंशीची झालेली असणार. तिचे गुडघे आताच अर्ध्या तासाच्या चालण्यानंतर बाक शोधू लागतात. म्हणजे आम्हा इतरांसाठी हा पहिला प्रवास असेल, तर आईसाठी तो बहुधा एकुलता एक आहे.

पहिला आराखडा आमच्या चिरंजीवांनी केला. ते यंदा दहावीला आहेत आणि अभ्यास सोडून सर्व विषयांत त्यांची गती उत्तम आहे. बारा रात्री, नऊ शहरे, सात देश! पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, झुरिच, व्हिएन्ना, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. नकाशावर लाल रेघ अशी झोकात काढली होती, की एखाद्या सेनापतीला हेवा वाटावा. मी मात्र कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. नऊ शहरे म्हणजे आठ वेळा बाडबिस्तरा आवरणे. सकाळी दहा-अकराला एका हॉटेलातून बाहेर पडायचे आणि दुपारी दोन-तीनशिवाय दुसऱ्यात खोली मिळायची नाही. प्रत्येक बदलीला अर्धा दिवस धरला, तरी बारांपैकी चार दिवस बॅगांच्या सेवेत गेले. त्यातही झुरिच ते व्हिएन्ना आगगाडीने जवळजवळ आठ तास, आणि व्हिएन्ना ते व्हेनिस साडेसात तास. हे दोन दिवस म्हणजे खिडकीतून पाहिलेला युरोप. उरलेल्या वेळात सात देशांच्या वाट्याला किती येणार? देवळाच्या दारातूनच नमस्कार करून पुढच्या देवळाकडे पळणाऱ्या माणसाला जेवढा देव भेटतो, तेवढा.

यात्रा कंपनीबरोबर जावे, असाही विचार झाला. त्यांची व्यवस्था चोख असते, जेवणात वरणभात मिळतो आणि कागदपत्रांची दगदग वाचते. परंतु चाळीस माणसांची बस एका आजीच्या गुडघ्यांसाठी थांबू शकत नाही, आणि तिने थांबावे असे म्हणणेही न्यायाचे नाही.

आपल्याकडे प्रवासाचे खरे शास्त्र वारकऱ्यांनी जाणले. आळंदीहून निघालेली पालखी दिवसाला किती चालेल, हे रात्रीच्या मुक्कामावरून ठरते, आणि वाटेत विसाव्याच्या जागाही ठरलेल्या असतात. वारीत तरुण असतात, तशा सत्तरीच्या बायाही असतात. सर्वांना पंढरपूर गाठता येते ते या मुक्काम-विसाव्यांमुळे. मी चिरंजीवांना म्हटले, "देश मोजू नकोस, मुक्काम मोज." त्यांना ते पटले नाही. सौ.ला रोममध्ये मायकेलअँजेलोने रंगवलेले छत पाहायचे होते. मला काय पाहायचे होते, हे मला कुणी विचारले नाही. अशा रीतीने चर्चा चालली असता इतका वेळ शेंगा सोलीत बसलेली आई म्हणाली, "यात ऱ्हाइन कुठे भेटते रे?"

आई जिल्हा परिषदेच्या शाळांतून बत्तीस वर्षे शिक्षिका होती. मोठ्या वर्गांना भूगोल तीच शिकवी. युरोपचा नकाशा ती पुस्तक न उघडता फळ्यावर काढी, हे मी तिचा विद्यार्थी या नात्याने पाहिले आहे. निळ्या खडूने ऱ्हाइन, तिच्या काठाने लाल खडूची सरहद्द. एवढी वर्षे ती नदी खडूने काढून संध्याकाळी डस्टरने पुसणाऱ्या बाईला ती एकदा डोळ्यांनी पाहावीशी वाटत असेल, हे आमच्या घरात आजवर कधी बोलले गेले नव्हते. ती कधी काही मागत नाही, हा तिचा स्वभाव. तिचा हा एक प्रश्नच तिचे मागणे होते.

मग आम्ही नवा कागद घेतला. ऱ्हाइन स्वित्झर्लंडच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे १,२३० किलोमीटर वाहून हॉलंडात समुद्राला मिळते. आमची गोदावरी १,४६५ किलोमीटरांची. तेव्हा लांबीत आपण पुढे, असे आईने लगेच सांगून टाकले. नदी धरून जायचे म्हटल्यावर मार्ग आपोआप ठरला. झुरिचला चार रात्री, स्ट्रासबर्गला तीन, कोलोनला तीन, ॲमस्टरडॅमला तीन. स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स असे चार देश, तेरा रात्री, आणि बाडबिस्तरा हलवायचा तो फक्त तीनदा. विमानाने झुरिचला उतरायचे आणि ॲमस्टरडॅमहून परत फिरायचे, म्हणजे आलेल्या वाटेने उलटे येण्याचा दिवस आणि खर्च दोन्ही वाचले. झुरिचहून आगगाडीने तासाभरात शाफहाउझेनचा धबधबा गाठता येतो. दीडशे मीटर रुंद आणि तेवीस मीटर उंच! काठच्या किल्ल्याच्या बाजूने खाली उतरायला लिफ्टही आहे. गुडघ्यांच्या मालकिणीला धबधब्यापेक्षा ही लिफ्टच अधिक आवडली.

स्ट्रासबर्गची गोष्ट मला स्वतःला ओढून नेणारी आहे. १८७१ ते १९४४ या काळात हे शहर चार वेळा एका राष्ट्राकडून दुसऱ्याकडे गेले. फ्रान्सकडून जर्मनीकडे, तेथून परत, पुन्हा जर्मनीकडे, पुन्हा फ्रान्सकडे. एका जागी बसून देश बदलण्याचा हा अनुभव आम्हाला अगदीच परका नाही. हे आमचे गाव, तेव्हाचे मोमिनाबाद, १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होते. १९५६ साली हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात. आमच्या आजोबांनी घर बदलले नाही, पत्ता मात्र तीनदा बदलला. ज्या ऱ्हाइनसाठी दोन राष्ट्रांनी एवढे रक्त सांडले, तिच्यावरून २०१७ पासून स्ट्रासबर्गची ट्राम पलीकडच्या केल या जर्मन गावात जाते. लोक भाजी आणायला परदेशात जाऊन येतात. आईच्या लाल खडूची रेघ त्या पुलावर कुठेच दिसणार नाही.

ही रेघ पुसण्याचे काम ज्या कराराने केले, त्याच्याशी आता आमचीही गाठ आहे. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या लहानशा गावी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर त्यावर सह्या झाल्या. मोझेल पुढे ऱ्हाइनलाच मिळते, ही आईची पुरवणी. आज २९ देशांना मिळून एकच व्हिसा चालतो. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखे असतील तर ज्या देशात प्रथम पाऊल पडेल त्याच्याकडे. आमच्या चार रात्री स्वित्झर्लंडच्या, म्हणून अर्ज तिकडे. निघण्याच्या सहा महिने आधीपासून तो घेतात. आमचा बेत जूनच्या पहिल्या पंधरवड्याचा, कारण त्यानंतर कॉलेज उघडते. तेव्हा डिसेंबरात कामाला लागायचे. माणशी ९० युरो फी, आणि नकार आला तरी ती परत नाही. निदान ३०,००० युरोंचा विमा हवा. आईच्या वयामुळे तिचा हप्ता आमच्याहून जड. बँकेचे उतारे, आयकराची विवरणे आणि कॉलेजचे ना-हरकत पत्र यांची फाइल आतापासूनच उघडली आहे. व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणारा पैसा कशातही अडकवायचा नाही आणि हॉटेले रद्द करता येतील अशीच घ्यायची, हा नियम मी भिंतीवर लिहून ठेवला आहे.

राहिले दोन असंतुष्ट सभासद. चिरंजीवांचा आयफेल टॉवर हुकत होता. परंतु स्ट्रासबर्गहून पॅरिस जलद गाडीने दोन तासांच्या आत येते. तेव्हा एक दिवस बापलेकांनी पहाटे निघून रात्री परतायचे आणि सासूसुनांनी स्ट्रासबर्गला विसावा घ्यायचा, असा तह झाला. सौ.ने रोम आपणहून सोडले. "एका दिवसाचे रोम नको, पुढे जमेल तेव्हा पोटभर पाहीन," ती म्हणाली. तिच्यासाठी ॲमस्टरडॅमला व्हॅन गॉगच्या चित्रांचे संग्रहालय आहे. त्याची तिकिटे ठराविक वेळेची असतात आणि आधीच काढावी लागतात, ते काम चिरंजीवांनी घेतले आहे. आपण मागितले नव्हते ते द्यायला घरातले माणूस तयार होते, तेव्हा प्रवास गावाची वेस ओलांडण्यापूर्वीच सुरू झालेला असतो.

हे सर्व पक्के झाल्यावर आईने कागद डोळ्यांजवळ धरून तपासला. "ॲमस्टरडॅमला ऱ्हाइन नाही. तिचे पाणी रॉटरडॅमच्या बाजूने समुद्राला मिळते," तिने सांगितले. मी शोधले. ॲमस्टरडॅमहून जलद गाडीने रॉटरडॅम पाऊण तासावर, आणि तिथून मेट्रो थेट उत्तर समुद्राच्या वाळूपर्यंत जाते. शेवटच्या दिवसापुढे तेवढे लिहून घेतले.

आता रोज संध्याकाळी आई देवीच्या देवळापर्यंत चालत जाते. पूर्वी ती रिक्षा करी. नातू घड्याळ घेऊन बरोबर असतो. काल तिला तेहेतीस मिनिटे लागली, वाटेत दोन विसावे. वहीत त्याने तसे लिहिले आहे, आणि त्याच पानावर तेरा रात्रींच्या बेतात दर दुपारी एकेक विसावा वाढवला आहे. तो मी त्याला सांगितलेला नव्हता.