तिसऱ्या दिवसाचे तांदूळ

गोंदियाकडच्या माणसाला तांदळाचं कौतुक सांगायला जाऊ नये. भाताशिवाय त्याचं जेवण होत नाही, शहराबाहेर पडलं की राईस मिलची धुरांडी दिसू लागतात आणि अरवा कोणता, उष्णा कोणता हे तिथल्या पोरांनाही दाण्याच्या रंगावरून कळतं. रोज ताटात येणाऱ्या या तांदळाचे खरे लाड व्हायचे ते अनारशासाठी. दिवाळी सरली की आमच्या या भागात, झाडीपट्टीत, गावोगाव मंडईची जत्रा भरते. दंडारीचे खेळ, रात्रीची नाटकं आणि घरात न सांगता येऊन धडकणारे पाहुणे. आमगाव तालुक्यातल्या आमच्या घरी त्यांच्यापुढे चिवडा, करंजीबरोबर अनारसा ठेवला जायचाच. माझ्या लेखी तो डब्यातून निघणारा पदार्थ होता. डब्यात पडण्याआधी त्याचा आठवडा कसा जातो, हे बघायला मी कधी स्वयंपाकघरात थांबलेच नाही.

पुढे नागपूरच्या वसतिगृहात तोच डबा गोंदियाहून सुटणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसनं यायचा. लग्नानंतर आम्ही सिंगापूरला आलो आणि तो सुटकेसमध्ये, कपड्यांच्या घड्यांत बसून येऊ लागला. मात्र त्यावरची खसखस मागे राहिली, कारण सिंगापुरात खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात सापडते. आईला हे सांगितलं तेव्हा ती फोनवर कितीतरी वेळ हसत होती. मग आमच्यापुरते अनारसे ती तिळावर थापू लागली.

२०२० च्या मार्चमध्ये भारतातली नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं थांबली आणि डबाही थांबला. ७ एप्रिलपासून सिंगापुरात ‘सर्किट ब्रेकर’, म्हणजे तिथली टाळेबंदी, लागला. दोन आठवड्यांनी नुसती मिठाई, केक, गोड पेयं विकणारी दुकानंही बंद झाली. शेजारपाजारच्या घरांतून व्हॅनिलाचा वास यायला लागला, तशी मीही आधी सोपी कामं काढली. बेसनाचे लाडू, रव्याच्या वड्या. बसल्या जागी मन रमवायला ती पुरत होती. पण १८ सप्टेंबरला अधिक आश्विन लागला आणि आईचा जीव खालीवर होऊ लागला. अधिक महिना साधारण ३३ महिन्यांनी येतो, म्हणून जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं. जावई अडकलेला सिंगापुरात, सासू गावात. तिनं तोड काढली, “तूच कर अन् माह्या नावानं दे त्याले.”

मग फोनवरून शिकवणी सुरू झाली. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. सिंगापूरच्या उकाड्यात ते दिवसातून दोनदा बदलावं लागलं, एरवी वास आंबटाच्या पुढे गेला असता. उष्ण्या तांदळाला तिनं आधीच बाद केलं होतं. तो गिरणीत येण्याआधीच वाफेवर शिजून निघालेला असतो, त्याचं पीठ गुळाला मिळून येत नाही. तामिळ दुकानातला कच्चा सोना मसुरी चालला. चौथ्या दिवशी तांदूळ उपसून पंख्याखाली सुती चादरीवर पसरले. इथल्या दमट हवेत ते वाळायचं नाव घेईनात. आई म्हणाली, “वाळवाचे नाहीच. मुठीत धरले का ओल लागली पायजे, पन हात ओला नोको व्हाले.” या मापाला वजनकाटा नाही. दर अर्ध्या तासानं मूठ भरून बघायची.

दळून, चाळून, तेवढ्याच वजनाचा गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळे केले, डब्यात दडपले. पुन्हा पाच दिवस थांबणं. या मुक्कामात गुळाला ओल सुटते आणि कोरडं पीठ हळूहळू लोण्यासारखं मऊ होतं. तळताना तिळाची बाजू वर ठेवून अनारसा मंद तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. आधी कडेला बुडबुडे धरतात, मग मध्ये बारीक छिद्रं उघडत जातात आणि पांढुरक्या चकतीची तांबूस जाळी होते. गूळ जास्त झाला तर अनारसा हसतो, म्हणजे तुपात विरघळून पसरतो. म्हणून पहिला एकटाच सोडून बघायचा.

वाण मी सासूच्या वतीनं दिलं. जावयानं पाटावर बसून, मोबाइलच्या पडद्याकडे बघत नमस्कार केला. आईनं त्याला ३३ मोजायला लावले.

त्या दिवशी मी तिला म्हटलं, “ऑफिस घरूनच चालू आहे म्हणून जमलं. एवढा वेळ एरवी कोणाला असतो?” ती म्हणाली, “मले कधी होता? दिवाळीले हलका धान कापाले येते. आम्ही दिवसभर बांधीत राहो, तांदूळ घरी भिजत राहे.”

तोवर मी अनारशाला सवडीतला पदार्थ समजत होते, घराबाहेर न पडणाऱ्या बाईनं करायचा. तिनं तर तो अख्खी कापणी अंगावर असताना केला होता. खरं तर करणारीची हजेरी त्याला फारच थोडी लागते. पाणी बदलायला पाच मिनिटं, मूठ भरून बघायला क्षणभर, शेवटी तळणीपुढे दोन तास. मधले दिवस तांदूळ, हवा आणि गूळ आपापसात निभावून नेतात. लाडू, वड्या मात्र कढईपुढून हलू देत नाहीत. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, बाईनं नऊ दिवसांचा पदार्थ का धरून ठेवला असेल, याचं उत्तर बहुधा यातच आहे.

आता टाळेबंदी नाही, ऑफिसला रोज जावं लागतं, विमानं चालू आहेत, आणि अनारशाचं तयार पीठही पाकिटात मिळतं. तरी दिवाळीआधीच्या एखाद्या सोमवारी मी कामाला निघण्यापूर्वी तांदूळ भिजत घालते. ऑफिसात कोणी विचारलं, या धबडग्यात तुला वेळ कसा मिळतो, तर मी सांगते की तो मला लागतच नाही, तांदळाला लागतो.