वेलांटी आधी की नंतर

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सांभाळ थांबवला. निपाणीत त्या दिवशी काहीच झालं नाही. अप्पांचा संगणक रोजच्यासारखा कुरकुरत सुरू झाला. मी फोनवर विषय काढला, तर म्हणाले, "चालतंय की हे. चालत्याला कशाला हात लावायचा?"

आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत कारकुनी केलेल्या माणसाला यावर काय सांगणार? यंत्र चालतं, पण त्याच्या सुरक्षेची डागडुजी आता बंद. नोंदणी करून वर्षभराची मुदतवाढ मिळते, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. अप्पांचं यंत्र त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणजे नवं घ्यायचं, एवढंच उरलं.

नव्या यंत्रावर आईचं स्थलांतर चहा उकळेपर्यंत आटोपलं. फोटो, भजनं, पुण्याच्या लेकीशी व्हिडिओवर बोलणं, एवढाच तिचा संसार. विंडोज ११ मध्ये स्टार्टचं बटण मधोमध येतं, ते मी सेटिंगमधून पुन्हा डावीकडे नेऊन ठेवलं. तिच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. "मला कुठलंबी चालतंय," म्हणाली. जुनं कधी शिकलंच नाही, त्यामुळे विसरायचंही काही नव्हतं.

अप्पांची बोटं मात्र टाइपरायटरवर घडलेली. टाइपरायटर डोळ्यांच्या क्रमाने चालतो: कागदावर जे डावीकडे, ते आधी. 'निपाणी' टाइप करायचं तर पहिली वेलांटी, मग न. संगणकावरचा त्यांचा जुना मराठी फॉन्टही याच वळणाचा. युनिकोडची गोष्ट उलटी, तिथे उच्चाराचा क्रम: आधी न, मग वेलांटी. 'अर्ज'मधला रफार टाइपरायटरवर ज नंतर डोक्यावर बसतो. युनिकोडमध्ये टाइप करायच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर मात्र र आणि हलन्त आधी दाबायचे, ज मागाहून. दिसायला किरकोळ बदल. पण पन्नास वर्षं करंगळी ज्या कळेवर न बघता पडते, ती कळ हलवणं म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याची दिशा बदलण्यासारखंच.

तसं बघितलं तर सोय आहे. टाइपरायटरवरची रेमिंग्टनची जुनी मांडणी युनिकोडमध्येही मिळते, वेलांटीचा क्रम यंत्र आतल्या आत सांभाळून घेतं. मी तीच घालून देणार होतो. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको, हा आपला नेहमीचा विचार. त्यात प्रेम असतं, आणि लवकर मोकळं व्हायची घाईसुद्धा.

मी कळफलकांची यादी उघडून बसलो होतो. मागून अप्पा म्हणाले, "ह्यात कानडी पण येतंय काय?"

हा प्रश्न निपाणीसारख्या सीमाभागातच पडू शकतो. गल्लीतली माणसं अप्पांकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. बोलणं मराठीत, अर्ज जायचा तो कन्नडमध्ये. कर्नाटकाने 'भूमी' प्रकल्पात सुमारे २ कोटी जमीन उतारे संगणकात घातले, तेव्हापासून हाताने लिहिलेला उतारा गेला आणि कन्नडमध्ये छापलेला आला. तो वाचून घ्यायलाही लोक इथेच. मराठीतून कागद मिळावेत ही मागणी जुनी आहे, रास्त आहे. पण उद्याचा अर्ज तिच्यासाठी थांबत नाही. अप्पा कन्नड अर्ज हाताने लिहीत आले.

इन्स्क्रिप्टची गंमत अशी की तो बहुतेक साऱ्या भारतीय लिप्यांना एकच. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. इंग्रजी के च्या कळेवर मराठीत क, कन्नडमध्येही क. विंडोजची कळ धरून स्पेस दाबला की लिपी बदलते, बोटं जागची हलत नाहीत. हे दाखवल्यावर अप्पांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "मग हेच शिकीव. ते जुनं नको."

मी सोपं ते द्यायला निघालो होतो. त्यांनी अवघड ते निवडलं, कारण त्यात त्यांचं स्वतःचं काम होतं. पहिल्या संध्याकाळी 'निपाणी'ची वेलांटी दर वेळी भलत्याच अक्षराला चिकटत होती आणि अप्पा माझ्यावर नव्हे, स्वतःच्या बोटांवर चिडत होते.

खरी अडचण फायलींची निघाली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळाचे हिशेब, शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले त्या १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या आठवणी, सगळं जुन्या फॉन्टात. असले फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी चित्रं बसवतात. फॉन्ट नसला की फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तकं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरांवर ती ठेचकाळतात. ओवीत मोडलेला शब्द मूळचा कोणता, हे मला कळत नव्हतं. अप्पांना पहिल्या नजरेत कळत होतं.

तुमच्याही घरी असा संगणक असेल, तर आधी त्या जुन्या फॉन्टची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. मग फायली युनिकोडमध्ये आणा आणि ज्यांनी त्या टाइप केल्या त्यांच्याकडूनच वाचून घ्या. हे सगळं झाल्यावरच जुनं यंत्र भंगारवाल्याला द्या.